हत्तीबुडी नाल्याची पर्यायी व्यवस्था

भुरसाटोला येथील कापडाचे व्यापारी गफ्फारभाऊ यांनी १९९७ च्या उन्हाळ्यात लष्करी डेपोच्या लिलावातून जुनी ब्लँकेटं विकत घेतली. त्यांपैकी एक ब्लँकेट डिझेलवर चालणारं निघालं.

यात गफ्फारभाऊंची चूक नव्हती आणि लष्कराचीही नव्हती. लष्कर जुना माल एकेक करून विकत नाही, ढिगाने विकतं. ढिगाला तिथे लॉट म्हणतात. गफ्फारभाऊंच्या लॉटमध्ये ब्लँकेटं होती, ताडपत्र्या होत्या, तंबूच्या खुंट्या होत्या आणि ‘इतर वस्तू’ होत्या. इतर वस्तू म्हणजे फार तर चार बादल्या, असा त्यांचा हिशेब होता. पैसे भरून ते गेटाबाहेर उभे राहिले, तेव्हा इतर वस्तू साखळीने ओढत बाहेर आणण्यात आली. तो एक ट्रक होता. पुढे लांब नाक, मागे फळ्या निघालेला सांगाडा, टायर बसलेले, काचा फुटलेल्या. देशाची अनेक वर्षं सेवा करून तो सन्मानाने निवृत्त झाला होता, आणि निवृत्तांना मिळतं तेवढंच लक्ष त्याला मिळालेलं दिसत होतं.

“हे मले नाई पाह्यजे,” गफ्फारभाऊ म्हणाले.

गेटवरच्या हवालदाराने त्यांना समजावलं की दिलेला माल परत घेण्याची पद्धत नाही, आणि लवकर उचलला नाही तर जागेचं भाडं लागेल. गफ्फारभाऊंनी घुग्घुसकडे रिकामा परत चाललेला कोळशाचा ट्रक गाठला, ड्रायव्हरच्या हातापाया पडले आणि आपली इतर वस्तू त्याच्यामागे बांधून घरी आणली.

भुरसाटोला हे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात, पण डांबरी सडकेपासून अगदी जवळ आहे. मध्ये फक्त एक नाला आहे. कोण्या राजाचा हत्ती त्यात बुडाला म्हणून लोक त्याला हत्तीबुडी म्हणतात. सरकारी नकाशात त्याची नोंद ‘किरकोळ ओहोळ’ अशी आहे, कारण नकाशा मे महिन्यात काढला होता. पावसाळ्यात हा किरकोळ ओहोळ गावाला तीन-साडेतीन महिने जगापासून तोडून ठेवतो. गफ्फारभाऊंचे वडील ब्रह्मपुरीहून कापडाचा गठ्ठा घेऊन एका दिवसाच्या बाजारासाठी भुरसाटोल्याला आले होते. नाल्याला पूर आला. पूर ओसरेपर्यंत त्यांची गावात उधारी इतकी वाढली की वसूल करण्यासाठी त्यांना इथेच घर बांधावं लागलं.

त्या घराच्या अंगणात ट्रक शिरला. शिरताना त्याने पेरूचं झाड आणि न्हाणीची भिंत एवढंच पाडलं. गफ्फारभाऊंच्या पत्नी शमीमभाभी दारात उभ्या होत्या.

“ब्लँकेट कुठी हायेत?”

“आत हायेत.”

“कशाच्या आत?”

गफ्फारभाऊंनी मागे वळून ट्रककडे पाहिलं.

“अजी, लोक बाजारातून जास्तीचं वांगं घेऊन येतात,” भाभी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी चुलीवरचा चहा उतरवला. तो त्यांनी फक्त कोळशाच्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिला.

ट्रक भंगारात काढायचा असंच ठरलं होतं. भंगारवाला घेऊनही गेला असता. पण तो चाकं मोजत होता तेवढ्यात गफ्फारभाऊ सहज म्हणून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले. तिथून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची कौलं वरून दिसली. कौलांच्या पलीकडे नाला दिसला. नाल्याच्या पलीकडे सडकेवरून जाणारी एसटी दिसली. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. भंगारवाला खालून भाव सांगत होता, तो त्यांना ऐकू आला नाही.

गफ्फारभाऊंना इंजिनाबद्दल एवढंच माहीत होतं की त्यात डिझेल घालतात. बाकीचं शिकायला त्यांना तीन वर्षं लागली. चंद्रपूरच्या भंगारबाजारातून कापडाच्या गाठीऐवजी लोखंडाचे तुकडे घेऊन ते बसमधून येत. सीट एसटीच्या भंगारातलं मिळालं. पुढचा एक दिवा ट्रॅक्टरचा होता आणि दुसरा मोटरसायकलचा, त्यामुळे ट्रक एका डोळ्याने रस्ता पाही आणि दुसऱ्याने झाडं. रेडिएटर गळत होता, त्यात मिस्त्रीच्या सांगण्यावरून भाभींच्या डब्यातली हळद घातली. गळती थांबली, पण त्या महिन्यात घरातलं वरण पांढरं होतं. मधल्या काळात ट्रकच्या नाकावर भाभी सांडगे वाळवीत, आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालीत. गफ्फारभाऊ इंजिनाखाली उताणे पडलेले असत आणि कोंबड्या त्यांच्या वर. या काळात गावाने त्यांना वेडा ठरवलं. गावात करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं.

“गफ्फारभाऊ, सुरू झाला का?” सरपंच मुखरूभाऊ रोज सकाळी शेतावर जाताना कुंपणावरून विचारत.

“होऊन राह्यला.”

“कवा?”

“झाल्यावर आवाज येईन ना.”

२००० सालच्या होळीनंतर आवाज आला. ट्रकने आधी खोकला काढला, मग काळ्या धुराचा लोट काढला, आणि मग तो असा गरजला की शेजारचे बैल दावं तोडून पळाले. गफ्फारभाऊ केबिनमध्ये बसून रडत होते. भाभींनी धुराने काळी झालेली वाळवणं गोळा केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता हसा तरी.”

त्या पावसाळ्यात हत्तीबुडीला पहिला पूर आला तेव्हा गफ्फारभाऊंना पलीकडच्या गावी बाजाराला जायचं होतं. त्यांनी ट्रकमध्ये गाठी भरल्या आणि गाडी सरळ पाण्यात घातली. लष्कराने हा ट्रक अशाच कामासाठी करवून घेतला होता. त्याच्या चारही चाकांना जोर होता आणि नाक पाण्यावर राहत होतं. गाव काठावर उभं राहून त्याच्या बुडण्याची वाट पाहत होतं. ट्रक पलीकडे निघाला, अंग झटकल्यासारखा हलला आणि सडकेला लागला. परतीच्या फेरीत त्यात तीस माणसं होती. पुढच्या फेरीत गावच होतं.

तो पावसाळा भुरसाटोल्याच्या इतिहासात वेगळा गेला. मुखरूभाऊंची मुलगी दिव्यानी ब्रह्मपुरीला नर्सिंग शिकत होती. ती पावसाळ्यात प्रथमच वर्गात गेली. कमळाबाई, म्हणजे तिची आई, दातदुखी घेऊन डॉक्टरकडे गेली आणि त्याच दिवशी परत आली. भाजी आली, रॉकेल आलं. मात्र दुसऱ्या बाजूने शासनही आलं. पुराच्या नावावर हक्काची सुटी भोगणारे गुरुजी रोज शाळेत येऊ लागले. ते ट्रकमधून उतरताना गफ्फारभाऊंकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर विद्यार्थ्यांनी फक्त परीक्षेत पाहिली होती. ग्रामसेवक आले, वसुलीवाले आले. गावाने हेही सोसलं.

या सुखाचा परिणाम हिवाळ्यात दिसला.

हत्तीबुडीवर पूल व्हावा ही भुरसाटोल्याची मागणी जुनी होती. प्रत्येक निवडणुकीआधी कोणीतरी येऊन काठावर कोनशिला बसवून जाई. उन्हाळ्यात बायका त्या कोनशिलांवर कपडे धूत. पण या वेळी खरोखरच काही घडत होतं. ‘मोऱ्या व लहान पूल उपविभाग’ नावाच्या कार्यालयात भुरसाटोल्याचा पूल मंजुरीच्या टोकाला आला होता. तेवढ्यात तिथे एक नवे अभियंतासाहेब बदलून आले. साहेब तरुण होते, हुशार होते आणि प्रामाणिक होते. गावावर यापेक्षा मोठं संकट पूर्वी कधी आलं नव्हतं.

साहेबांनी पाहिलं की भुरसाटोल्याचा संपर्क दरवर्षी तुटतो, पण गेल्या पावसाळ्यात तुटला नाही. आधीच्या साहेबांनी असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं असतं. ते समजूतदार होते. या साहेबांनी चौकशी केली, आणि गावाला कळवलं की नाल्यावर ‘पर्यायी व्यवस्था’ उपलब्ध असल्याचं ऐकिवात आहे. ती कार्यरत असल्यास पुलाचा फेरविचार करावा लागेल. पाणी असताना स्वतः येऊन पाहणी करू.

मुखरूभाऊंनी गाव गोळा केलं.

“गफ्फारभाऊ,” ते म्हणाले, “तुह्या ट्रकानं आमचा पूल खाल्ला.”

“माह्या ट्रकानं? अन् त्यात बसून कोण गेलं होतं जी? तुमची कमळाबाई दात काढाले त्यातच गेली ना?”

“ते दात वेगळे. पूल वेगळा.”

“बाबा,” दिव्यानी मागून म्हणाली, “पूल होईन तवा होईन. ट्रक तर आज हाये.”

“तू चूप बस. तुले पुलातलं काय समजते?”

मग पोचू उठला. पोचू हा गावातला डोंगा चालवणारा. पूर जरा उतरला की माणसं पलीकडे नेण्याचा मान त्याचा होता, आणि तो मान ट्रकने काढून घेतला होता. “मी काय म्हंतो,” तो म्हणाला, “साहेब येऊन राह्यला तर येऊ द्या. ट्रक बंद दिसला म्हंजे झालं. गफ्फारभाऊ गावचा माणूस हाये. गावासाठी एवढं नाई करणार का?”

सगळे गफ्फारभाऊंकडे पाहू लागले. त्यांना सांगता आलं असतं की तीन वर्षं मी त्याच्याखाली उताणा पडलो होतो आणि तुम्ही कुंपणावरून हसत होता. पण ‘गावचा माणूस’ हे शब्द त्यांच्या वडिलांनाही ऐकायला मिळाले नव्हते. त्यांनी मान हलवली.

ट्रक मोडका दिसावा यासाठी गावाने श्रमदान केलं. शाळेचं छप्पर गळत असताना न जमलेली माणसं या कामाला उत्साहाने जमली. गेरू कालवून पत्र्यावर गंज चढवण्यात आला. टायरांतली हवा अर्धी सोडली. ताडपत्री फाडली. भोपळ्याचा वेल आणून नाकावरून केबिनवर चढवला, आणि कोंबड्यांना त्यांची जुनी जागा परत देण्यात आली. मुखरूभाऊंनी सरपंच म्हणून लिहून दिलं की सदर ट्रक कायमचा बंद पडला असून सुरू होण्याची शक्यता नाही.

“इंजिनातलं काही मोडून टाक,” पोचूने सुचवलं.

“मोडतो,” गफ्फारभाऊ म्हणाले. पण स्पॅनर हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी फक्त बॅटरी काढून त्यांनी ती घरातल्या धानाच्या कोठीत ठेवली. सकाळी कोणी नसलं की ते वेल बाजूला करून बॉनेट उघडत, आतलं फडक्याने पुसत आणि वेल पुन्हा नीट पसरून ठेवीत.

साहेब ऑगस्टमध्ये आले. वरच्या जंगलात पाऊस पडत होता आणि हत्तीबुडी फुगत होता. पलीकडच्या काठावर जीप थांबली. ड्रायव्हरने पाणी पाहिलं आणि पुढे जायला नकार दिला. साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात स्पष्ट लिहिलं होतं, ‘किरकोळ ओहोळ’. साहेबांचा शासनावर विश्वास होता. त्यांनी जीप पाण्यात घालायला लावली.

जीप मध्यावर जाऊन बंद पडली. पाणी आधी दारातून आत आलं, मग सीटवर आलं, आणि साहेब व ड्रायव्हर जीपच्या टपावर आले. साहेबांच्या हातात नकाशा होता. तो त्यांनी कोरडा राहावा म्हणून डोक्यावर धरला होता.

अलीकडच्या काठावर गाव जमलं.

“डोंगा घाल ना पोचू,” कोणीतरी म्हणालं.

“या पाण्यात? डोंगा उलटा होईन. मी नाई जात.”

“दोर फेका.”

दोर फेकला, तो वाहून गेला. आता सगळ्यांनी हळूच मागे पाहिलं, जिथे गफ्फारभाऊंचं अंगण दिसत होतं. मग सगळ्यांनी पुन्हा पुढे पाहिलं.

“थांबा,” मुखरूभाऊ म्हणाले. “पाणी उतरून जाईन. उतरलं की निघते तो.”

“पाणी चढून राह्यलं, भाऊ,” लालसू नावाचा म्हातारा म्हणाला. तो आयुष्यभर या नाल्याच्या काठी गुरं चारत आला होता.

“मंग काय ट्रक काढता का? साह्यबासमोर? पूल गेलाच समजा.”

“अन् साहेब गेला तर?” लालसूने विचारलं.

गाव यावर विचार करू लागलं. मग पोचू खालच्या आवाजात म्हणाला, “तसं पाह्यलं तर… एक साहेब वाहून गेला म्हंजे पूल पक्काच.”

त्याला कोणी हो म्हणालं नाही. पण नाहीही कोणी म्हणालं नाही. जीप एका बाजूला कलली, तसा साहेबांच्या हातातला नकाशा पाण्यात पडला आणि किरकोळ ओहोळातून वाहत गेला.

गफ्फारभाऊ काठावरच होते. ते साहेबांकडे पाहत होते. तेवढ्यात मागून हाक आली. शमीमभाभी अंगणातून येत होत्या, पदर कमरेला खोचलेला, कोठीतली बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, अंगभर धानाचा कोंडा.

“अजी, बघत काय बसले? माणूस मरून राह्यला!”

“भाभी, पुलाचं काय?” मुखरूभाऊ म्हणाले.

“पुलावरून कोणाले नेणार, मुखरूभाऊ? मुडद्यांले?”

गफ्फारभाऊ धावले. बॅटरी बसवली. सेल्फ मारला, ट्रक नुसता कण्हला. दुसऱ्यांदा मारला, पुन्हा कण्हला. तिसऱ्यांदा इंजिनाने गाव हादरवलं. केबिनच्या खिडक्यांतून कोंबड्या उडाल्या. नाकावर भोपळ्याचा वेल, अर्ध्या हवेच्या टायरांवर लचकत, गेरूचे लाल ओघळ गाळीत तो कायमचा बंद पडलेला ट्रक हत्तीबुडीत उतरला. गफ्फारभाऊंनी तो जीपला चिकटवून उभा केला. ड्रायव्हर उडी मारून आत आला. साहेबांना गफ्फारभाऊंनी कॉलर धरून ओढून घेतलं. परत फिरताना जीप उचलली गेली आणि कडेवर घेतलेल्या पोरासारखी सहज वाहत निघून गेली.

गावाने टाळ्या वाजवल्या. वाजवल्यावर लक्षात आलं, तशा थांबवल्या.

साहेब लष्करी ब्लँकेटात गुंडाळून गफ्फारभाऊंच्या ओसरीवर बसले. भाभींनी आल्याचा चहा दिला. दोन कप चहा पोटात गेल्यावर त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं.

“हा ट्रक कायमचा बंद आहे, असं आपण लेखी कळवलं होतं,” ते मुखरूभाऊंना म्हणाले.

“बंदच हाये जी साहेब. आत्ताच तेवढा चालला.”

“तुमच्यासाठी चालला,” पोचू म्हणाला. “नाईतर चालत नाई.”

“साहेब,” गफ्फारभाऊ हात जोडून म्हणाले, “तुम्ही काही पाह्यलं नाई असं समजा. गावाले पूल पाह्यजे. हा ट्रक म्हातारा हाये, मीबी म्हातारा होऊन राह्यलो. किती दिवस पुरणार?”

साहेबांचे डोळे भरून आले. “तुम्ही माझा जीव वाचवलात,” ते म्हणाले. “हे मी जन्मभर विसरणार नाही. पण म्हणूनच मला खोटं लिहिता येणार नाही. मी स्वतः त्या ट्रकमध्ये बसून आलो. याहून मोठा पुरावा कोणता?”

साहेबांनी शब्द पाळला. त्यांनी लिहिलं की हत्तीबुडी नाल्यावरील पर्यायी व्यवस्था अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत कार्यरत असल्याचं निम्नस्वाक्षरीकाराने प्रत्यक्ष अनुभवलं आहे. पूल अनावश्यक आहे. आणि ट्रकमालकाच्या धैर्याची नोंद घेण्यात यावी. नोंद घेण्यात आली. श्रावण संपता संपता गफ्फारभाऊंना कळवण्यात आलं की सदर ट्रक हा आता शासनमान्य पर्याय असल्यामुळे तो पावसाळाभर नाल्यावर सज्ज ठेवण्याची जबाबदारी त्यांची आहे. डिझेल त्यांनी स्वतः घालावं. व्यवस्था बंद पडून संपर्क तुटल्यास त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल.

पूल मात्र वाया गेला नाही. मंजुरीच्या टोकाला आलेली गोष्ट वाया घालवणं नियमात बसत नाही. तो सडकेवरच्या दुसऱ्या एका गावाला देण्यात आला. त्या गावी नाला नव्हता. पण ट्रकही नव्हता.

गावाने गफ्फारभाऊंशी बोलणं सोडलं. त्यांच्याकडून कापड घेणं सोडलं. मुखरूभाऊ कुंपणावरून जाताना दुसरीकडे बघू लागले. ट्रकमध्ये बसणं मात्र कोणी सोडलं नाही. सगळे रोज चढत, तोंड फिरवून बसत, पलीकडे उतरत आणि न बोलता निघून जात. फक्त दिव्यानी उतरताना “येतो काका” म्हणायची, तेही बाप सोबत नसला तर.

“भाऊ, एक सांग,” एकदा मुखरूभाऊंना राहवलं नाही. नाल्याच्या मध्यावर त्यांनी विचारलं. “काऊन काढलं तू त्याले?”

गफ्फारभाऊंनी गिअर बदलला. “तुम्ही बुडत असते तरी काढलं असतं,” ते म्हणाले. मुखरूभाऊंनी त्यातलं ‘बुडत’ एवढंच ऐकलं.

दिवाळीच्या सुमारास एक ठेकेदार घरी आला. नाला नसलेल्या गावात पुलाचं काम त्याला मिळालं होतं, आणि रेती ओढायला त्याला दणकट गाडी हवी होती. पावसाळ्यापुरती जबाबदारी संपली होती आणि गावात कापड खपत नव्हतं; गफ्फारभाऊंनी भाव न करता ट्रक विकून टाकला. ट्रक अंगणातून निघाला तेव्हा ते घरात कापडाच्या गाठी उगाचच पुन्हा रचत होते. भाभी एकट्या बाहेर आल्या, आणि ट्रक नाल्यापलीकडे सडकेला लागेपर्यंत उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी दोघं जेवले नाहीत.

ट्रक गेला तसं मुखरूभाऊंनी लगेच कार्यालय गाठलं. आता पर्याय उरला नाही, पूल द्या. अभियंतासाहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी कागद वाचून उत्तर दिलं की भुरसाटोल्याचे ग्रामस्थ गरज पडल्यास स्वतःची व्यवस्था स्वतः करू शकतात, असं पूर्वानुभवावरून दिसतं; तरी त्यांनी तशी करावी.

पुढच्या वर्षी जुलैत दिव्यानीला सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ठरलेल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाणार होतं. तारखेच्या चार दिवस आधी हत्तीबुडी भरून वाहू लागला. मुखरूभाऊंनी दोन दिवस पाण्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते गफ्फारभाऊंच्या अंगणात आले. पूर्वी ट्रक उभा राहायचा तिथे मेथी लावली होती. ते मेथीच्या वाफ्याशी उभे राहिले.

“गफ्फारभाऊ, पोरीचं काही तरी कर.”

“काय करू जी? मी कापड विकतो.”

दोघंही मग पोचूकडे गेले. पोचूने पाण्याकडे पाहिलं, दिव्यानीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेवटी सगळे काठावर जाऊन बसले. दिव्यानी नवी साडी नेसून, बॅग मांडीवर घेऊन बसली होती. कमळाबाई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. भाभी डब्यातून भाकर घेऊन आल्या. पाणी कोणाचं ऐकत नव्हतं. तारीख काठावरच निघून गेली.

पाणी उतरल्यावर दिव्यानी दवाखान्यात पोचली. तिच्या जागी पुढची मुलगी आधीच रुजू झाली होती. ती वेळेवर पोचली होती. तिच्या गावाला पूल होता.

तो पूल चांगला झाला आहे. तुम्ही त्यावरून गेलाच असाल. वाघ पाहायला जाणाऱ्या गाड्या तिकडूनच जातात. दोन्ही बाजूंना पांढरे कठडे आहेत, रंग अजून नवा वाटतो, आणि गाडी जराही हादरत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी खिडकीची काच खाली करून म्हणालाही असेल, “बघा, जंगलातसुद्धा किती सुधारणा झाली!” आणि बाकीच्यांनी मान डोलावली असेल. खाली पाणी आहे की नाही, हे बघायला मात्र गाडीतलं कोणी वाकलं नसेल.